लेकीच्या घरचे पाणी

बुधवार, २४ जानेवारी २०२४. रुआबांधा. सकाळी दाट धुके, नऊनंतर ऊन. गुडघा बरा आहे. धोबी आज आला नाही. विक्कीचा फोन आला, गाडी घेऊन येतो म्हणाला. त्याच्याबरोबर सेमरापारला जाऊन पंचफुलाला कायमचे इकडे आणायचे.

एवढे लिहून मी डायरी पर्समध्ये टाकली आणि शाल घेतली. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली ही सवय आहे: जे घडले ते आधी, आपले मत नंतर. पण आज जे घडले ते चार ओळींत मावणारे नाही, म्हणून हे वेगळे लिहीत आहे. आणि पंचफुलाबद्दल कधीतरी लिहायचे होतेच.

पंचफुला माझी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमधली शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत होती आणि त्या भिंतीवरून वाट्या, बातम्या आणि भांडणे इकडून तिकडे जात. तिचे यजमान भय्याजी कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. माझे यजमान त्याच विभागात फोरमन. भय्याजी ड्यूटीवरून आले की अंगणात बसून डोक्यावर पाणी ओतून घेत आणि पंचफुला बादलीवर बादली भरत राही. ती मूळची भंडारा जिल्ह्यातली, तळ्यांच्या मुलखातली. तिच्या माहेरच्या घरामागेच बोडी होती. बोडी म्हणजे लहान तळे. लहानपणी ती म्हणे चालायच्या आधी पोहायला शिकली. क्वार्टरमध्ये पाणी सकाळ-संध्याकाळ नळाला येई. पंचफुला ड्रम भरून ठेवी आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात बुडवून बसलेली दिसे.

"काय करतेस गं?" मी भिंतीवरून विचारी.

"काही नाही वयनी. नळाचं पाणी मुकं असते. बोलते का पाहून राहिली."

भय्याजी हे ऐकत असत. माणूस कमी बोलणारा, पण ऐकलेले विसरणारा नव्हता. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली. आमच्या ओळीतले सगळे रुआबांध्याला, कुरुदला प्लॉट बघत हिंडत होते. भय्याजी मात्र सायकल काढून पाणी बघत हिंडले. शेवटी दुर्गच्या पलीकडे, शिवनाथ नदीपासून थोडे आत, सेमरापार नावाच्या गावात त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला. लोक हसले. प्लांटमधून सुटलेला माणूस खेड्यात जाऊन काय करणार? भय्याजींनी दोन खोल्या बांधल्या आणि मागचे दार थेट तळ्याकडे काढले.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका दिवसासाठी, आणि राहिले आठवडाभर. नंतर जातच राहिले. त्या गावाचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. पहाटे बायका पचरीवर येतात. पचरी म्हणजे तळ्याच्या दगडी पायऱ्या. बायकांची पचरी वेगळी, पुरुषांची वेगळी, म्हशींचा उतार तिसऱ्या बाजूला. कोणाच्या घरी काय शिजले, कोणाची सून रुसली, हे सगळे लुगडी आपटता आपटता ठरते. कालव्याला पाणी सुटले की गावभर ओरड होते आणि पुरुष फावडी घेऊन बांधांकडे पळतात. शिंगाडे निघतात तेव्हा केंवट, म्हणजे कोळी बायका छातीभर पाण्यात उभ्या असतात आणि पुढे तरंगत्या परातीत हिरवा ढीग वाढत जातो. नदी थोडी लांब आहे. तिच्याकडे रोज कोणी जात नाही. तिला मान आहे, तळ्याशी मात्र घरोबा आहे.

पंचफुला त्या पचरीवर बसलेली मी पाहिली तेव्हा मला ती ओळखू आली नाही. क्वार्टरमधली ती कुरकुरणारी बाई कुठेच नव्हती.

आता त्या तळ्याच्या लग्नाबद्दल सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

ते तळे तेव्हा नवे होते. गावाने खणले, भरले, पण लग्न झाल्याशिवाय तळ्याचे पाणी देवाधर्माला चालत नाही अशी तिकडची रीत आहे. लग्न म्हणजे खरोखरचे लग्न. जंगलातून सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या लाकडाचा उंच खांब आणतात, तो नवरदेव. त्याला हळद लावतात, वाजतगाजत आणतात आणि तळ्याच्या मधोमध उभा करतात. तळे नवरी. नवरीकडून कन्यादानाला जोडपे बसावे लागते. सेमरापारमध्ये त्या वर्षी कोण बसणार यावर बराच काथ्याकूट झाला. ज्यांना लेकी होत्या ते म्हणाले, आमचे कन्यादान घरचेच व्हायचे आहे. तेव्हा चंदा केंवटीण उठली. ही चंदा म्हणजे पचरीवरचा सगळ्यात मोठा आवाज. ती म्हणाली, या भिलाईवाल्या दाईला एक मुलगाच आहे, लेक नाही. हिला बसवा. दाई म्हणजे तिकडे आई.

पंचफुला आणि भय्याजी बसले. मी त्या लग्नाला गेले होते. भय्याजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि खांब पाण्यात उतरवताना त्यांचे डोळे भरून आले.

"काय वो, पोरगी सासरी चालली का?" मी चेष्टा केली.

"हसा, हसा," पंचफुलाच म्हणाली. "जावई लाकडाचा आहे. दारू पिणार नाही, मारणार नाही. असा जावई आणून दाखवा!"

तेव्हापासून गाव त्या तळ्याला तिची लेक म्हणू लागले. दर तिजेला, जेव्हा छत्तीसगडात लेकी माहेरी येतात, पंचफुला एक नवी साडी आणि बांगड्या चंदाकडे देई. चंदा डोंगी घेऊन मधोमध जाई आणि ते खांबाला बांधून येई. पंचफुलाने मात्र एक नियम पाळला. आंघोळ करी, धुणे धुई, पण त्या तळ्याची ओंजळ कधी तोंडाला लावली नाही. इतर बायका तिथे चूळ भरतात तशी चूळसुद्धा नाही.

"लेकीच्या घरचं पाणी मायबापाले चालत नाही वयनी," ती मला म्हणाली होती. "आमच्याइकडे जुने लोक पाळत होते. मी बी पाळतो."

या महिन्याच्या सुरुवातीला भय्याजी गेले. झोपेतच गेले. विक्की, त्यांचा मुलगा, भिलाई-३ ला रेल्वेत आहे. त्याने सगळे नीट केले. दहाव्याला गाडी करून आईला नदीच्या घाटावर नेले, गुरुजी आधीच बोलावले होते, स्वतःचे डोके भादरले, पिंडदान झाले, कावळाही लवकर शिवला. मी घाटावर होते. भंडाऱ्याकडे दहावा वैनगंगेवर करतात, तसा इथे शिवनाथवर केला. कोणाला त्यात काही चुकले असे वाटले नाही.

पण त्यानंतर पंचफुलाचे फोन येऊ लागले. गाव तिच्याशी बोलत नव्हते. दूधवाली दूध फाटकाशी ठेवून जायची, आत यायची नाही. शेजारच्या घरून निखारा मागितला तर मिळाला, पण तिच्या हातचा चहा कोणी घेईना. पचरीवर ती गेली की बायका बाजूला सरकायच्या.

"भय्याजी होते तेथपर्यंत मी दाई होती," ती फोनवर म्हणाली. "आता मी बाहेरची. विक्की म्हणते चल, त चालली मी. इथं कोणाच्या भरवशावर राहू?"

म्हणून आज मी विक्कीबरोबर निघाले. गाडीत बसताच तो म्हणाला, "आंटी, तुम्हीच समजावा तिले. हो बोलते, और फिर तालाबाकडे पाहत बसते. रीनाने कमरा भी तयार करून ठेवला आहे. गाँववालों का क्या है, आज हैं, कल नहीं."

"तुझी आई येते म्हणाली आहे ना?"

"बोलली. पण सिलिंडर गाडीत चढेपर्यंत मले विश्वास नाही."

दुर्ग ओलांडल्यावर धुके विरळ झाले. पुढे रस्ता कालव्याच्या काठाकाठाने जातो. कालव्याला पाणी नव्हते, तळाशी थोडे साचले होते आणि त्यात बगळे उभे होते. उद्या छेरछेरा असल्याने गावोगावी अंगणे सारवून ठेवलेली दिसत होती. पौषातल्या पौर्णिमेला मुले दारोदार धान मागत फिरतात आणि प्रत्येक घराने सूपभर तरी द्यायचे असते. ज्या घरात सुतक आहे ते घर मात्र वगळतात.

पंचफुला तयारच बसली होती. पांढरी साडी, कपाळ मोकळे. बांधलेल्या बोचक्यांमध्ये ती स्वतःही एक बोचके वाटत होती. विक्कीने वेळ न दवडता आधी सिलिंडर उचलून डिकीत ठेवला, मग शेगडी, मग कुकर. घर रिकामे होताना किती लहान वाटते ते तेव्हा दिसले.

"वयनी, एक डाव मागं जाऊन येऊ," पंचफुला म्हणाली. "पोरीले सांगून जातो."

मागचे दार उघडून आम्ही तळ्यावर गेलो. पाण्यावरून अजून वाफ निघत होती. मधोमध सरईचा खांब, काळा पडलेला, त्याला गेल्या तिजेची साडी, ऊनपावसाने रंग गेलेली. पंचफुलाच्या हातात बांगड्यांचा एक जोड होता. तिच्या स्वतःच्या कपाटातल्या हिरव्या बांगड्या, ज्या आता ती घालणार नव्हती. बायकांच्या पचरीवर सात-आठ जणी होत्या. आम्हाला पाहताच आवाज थांबला. चंदा खालच्या पायरीवर जाळे धूत बसली होती. तिने एकदा वर पाहिले आणि तोंड तळ्याकडे वळवले.

"पाहा," पंचफुला हळूच म्हणाली. "जिनं मले पोरगी देली, थे बी थोबाड फिरवते."

मला राहवले नाही. मी चार पायऱ्या उतरले आणि हिंदीत विचारले, "चंदा, ही गाव सोडून चालली आहे. काय झाले ते तरी सांगशील? हिने तुमचे काय बिघडवले?"

चंदाने जाळे आपटले. "काबर बोलंव? पुछे हे कभू?" मी का बोलू, हिने कधी विचारले का? मग थेट पंचफुलाकडे वळून ती सुरूच झाली. "सब्बो माईलोगन बिहनिया ले पचरी म बइठे रेहेन. घाम चढ़ गे!"

पंचफुला माझ्याकडे पाहू लागली. मीही काही क्षण गोंधळले. मग हळूहळू उलगडले. दहाव्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका पहाटेपासून याच पचरीवर बसल्या होत्या. दातवणाच्या काड्या, डोकी धुवायची माती, तीळ, सगळे घेऊन. तिकडे दहावे म्हणजे नहावन. मयताच्या घरची बाई पुढे, तिच्यामागे सारा गाव रांगेने तळ्यावर जातो, एकत्र आंघोळ करतो, मयताच्या नावाने एकेक ओंजळ पाणी सोडतो, तेव्हा घराचे सुतक फिटते. यांनी वाट पाहिली. ऊन डोक्यावर आले. कोणीतरी येऊन सांगितले की दाई गाडीत बसून नदीवर गेली.

"बाबू ला पानी कोन दिही?" चंदाचा आवाज फाटला. "नदिया? ओखर बेटी तो इहाँ हे!"

बापाला पाणी कोण देणार? नदी? त्याची लेक तर इथे आहे.

एक म्हातारी वरच्या पायरीवरून म्हणाली की सुतक फिटलेच नाही, तर आम्ही तिच्या घरचा चहा कसा प्यायचा? उद्या छेरछेरा, आमची मुले तिच्या दारात कशी जायची? ते ती रागाने म्हणाली नाही. जसे ऊन आहे, थंडी आहे, तसे सांगितले.

पंचफुला चंदाच्या पायरीपर्यंत उतरली.

"माय वो," ती म्हणाली. "मले वाटलं लेकीच्या घरचं पाणी बापाले कसं चालन? जित्तेपणी कधी तिच्या घरची ओंजळ घेतली नाही त्यायनं. मेल्यावर कशी घेतीन? म्हणून मीच विक्कीले म्हटलं, नदीवर ने. पोरीवर भार नको."

मी हे हिंदीत चंदाला सांगितले. चंदा ऐकत राहिली. तिच्या हातातल्या जाळ्यातून पाणी गळत होते. मग तिने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसली, आणि हसता हसताच रडली.

"अई दाई! पगली!" मग आपल्या छत्तीसगढीत तिने जे म्हटले त्याचा अर्थ असा: जिवंत बाप लेकीच्या घरचे पाणी पीत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण मेलेल्या बापाचा तो हक्क आहे. तो आता मागून घेऊ शकत नाही, म्हणून लेकीने स्वतःहून द्यायचे. "तैं ओला पियासे भेज देस." तू त्याला तहानलेलाच पाठवलास.

पंचफुलाने माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हटले, "पाणी अजून आहे. तूही अजून आहेस."

"आता होते का वो?" तिने चंदाला विचारले. "दिवस त निघून गेले."

चंदाने म्हातारीकडे पाहिले. मागे विक्कीने गाडीची डिकी बंद केल्याचा आवाज आला. मग म्हातारी उठली, पदर खोचला आणि म्हणाली की सुतक आपोआप उठून जात नाही, धुतल्याशिवाय तिथेच बसून राहते. चला.

पुढचे फार झटपट झाले. एक जण गावात ओरडत गेली. थोड्या वेळात पचरी भरली. कोणी अर्धी भाजी चिरून आली होती, कोणाच्या हाताला शेण होते. पंचफुलाला घरापर्यंत परत नेले, कारण रांग घरापासून निघायला हवी. ती पुढे, चंदा तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे, मग सगळ्या, एकीमागे एक, न बोलता. विक्की फाटकात उभा होता.

"आई, हे काय चाललं आहे? निघायचं आहे ना?"

"थांब," पंचफुला म्हणाली. "तुह्या बापाले पाणी पाजून येतो."

मी पायरीवर उभी राहिले. माझा गुडघा मला पाण्यात उतरू देत नाही. पंचफुला कमरेइतक्या पाण्यात गेली, थंडीने एकदा कापली आणि मग पूर्ण बुडी मारली. वर आली तेव्हा खांबाकडे तोंड करून ओंजळ भरली. तिला काही मंत्र येत नव्हता. तिने ओंजळ सोडली आणि स्पष्ट, घरातल्या आवाजात म्हणाली, "घ्या. पोरगी देऊन राहिली." तिच्यामागून एकेका बाईने ओंजळ सोडली. चंदाने बांगड्या घेतल्या, दातात धरल्या, पोहत खांबापर्यंत गेली आणि साडीच्या गाठीत अडकवून आली.

मला विधींमध्ये फारसे काही दिसत नाही. मी तशी वाढले नाही. पण इतक्या ओल्या बायका एका माणसाचे नाव घेत होत्या, जो त्या गावात जन्मला नव्हता आणि ज्याची भाषा त्यांना नीट कळत नव्हती. नदीच्या घाटावर आम्ही पाच-सहा जण होतो आणि गुरुजींना पुढच्या कामाची घाई होती. मला आठवते, तिथे पंचफुला एकदाही रडली नव्हती. इथे ती पाण्यात उभी राहून हमसून रडली आणि कोणी तिला गप्प केले नाही.

परतताना रांग मोडली होती, सगळ्या एकदम बोलत होत्या. अंगणात शिरताच म्हातारीने ओट्यावर बैठक मारली आणि जाहीर केले की आता या घरचा चहा प्यायला हरकत नाही. तिने तो मागितलाच.

पंचफुला ओल्या साडीने स्वयंपाकघरात गेली आणि तशीच बाहेर आली.

"विक्की, सिलिंडर?"

"गाडीत आहे."

"आण न मंग. एवढ्या बाया चहाच्या बसून राहिल्या."

विक्की माझ्याकडे पाहत राहिला. "आंटी, मैंने बोला था ना? बोला था ना मैंने?"

"बोलला होतास," मी म्हटले.

"चहापुरता का कायमचा?" त्याने आईला विचारले.

पंचफुला पदर पिळत होती. पिळून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या छेरछेरा आहे. लेकरं दारात येतीन. घराले कुलूप पाहून परत जातीन का? अन् तिजेले पोरगी कोणाकडं पाहीन? तू ये, रीनाले घेऊन ये, हप्त्याले ये. मी कुठं पळून नाही चालली."

माझी अपेक्षा होती की विक्की वाद घालेल. तो गाडीकडे गेला आणि डिकीतून सिलिंडर काढला. आत जाताना एकदा तळ्याकडे पाहून पुटपुटला, "एक बहन है, वो भी तालाब." चंदाला हिंदी येते. ती इतकी हसली की ओट्यावरच आडवी झाली.

मी रात्री इथेच राहणार आहे. पंचफुलाने बोचकी सोडली आहेत आणि उद्यासाठी धान सुपात काढून दाराशी ठेवले आहे. ती आत झोपायची तयारी करते आहे आणि मी ओट्यावर शाल पांघरून हे लिहिते आहे. डायरीत संध्याकाळची नोंद आधीच केली आहे, ती अशी:

सिलिंडर पंचफुलाच्या स्वयंपाकघरात परत जोडला. साबणाच्या पाण्याने तपासला; गळत नाही.